मनोरमाची जखम

झुरळांचं काम माणसानं स्वतःच्या अंगावर घेऊ नये, हे मी अनुभवानं सांगतो. त्यासाठी पेस्ट कंट्रोलची माणसं असतात, त्यांच्याकडे पंप असतो, तोंडाला फडकं असतं आणि मुख्य म्हणजे काम झालं की ती निघून जातात. संजनाचं, म्हणजे माझ्या बायकोचं, म्हणणं अगदी हेच होतं. पण मी पडलो विमा कंपनीत क्लेमचा विभाग सांभाळणारा माणूस. भली भली माणसं मी नुसत्या पत्रावर परत पाठवतो, तिथं झुरळाची काय कथा, असं मला वाटलं. नवघर रोडवरच्या एका दुकानातून मी उंदीर-झुरळांचा चिकट पुठ्ठा आणला आणि झोपताना फ्रिजमागे सरकवून दिला. सकाळी पाहिलं तर त्यावर झुरळ एकही नव्हतं. मनोरमा होती.

मनोरमा ही आमची पाल.

पाल म्हटल्यावर काही वाचकांच्या अंगावर काटा येईल, याची मला कल्पना आहे. पण आमच्याकडे पाल घरात शिरलेली नसते, ती घरातलीच असते. मी लहान असताना आम्ही खारी गावात एका बैठ्या चाळीत राहायचो. मागचं दार उघडलं की लांबवर मिठागरं दिसायची. संध्याकाळी दिवा लावला की किडे यायचे आणि किड्यांपाठोपाठ कॅलेंडरमागून मनोरमा यायची. आई रत्नागिरीकडची. कुणी काही बोललं आणि लगेच पाल चुकचुकली, तर ते बोलणं खरं, हा तिचा कायदा. ती लगेच बोटानं जमिनीवर टकटक करून 'कृष्ण कृष्ण' म्हणायची आणि विषय संपायचा. माझं सगळं शिक्षण असंच ठरलं. "हा गणितात मार खाणार," असं आई एकदा भाकरी थापता थापता म्हणाली आणि भिंतीवरून चुकचुक झाली. नंतर मी पुष्कळ अभ्यास केला, पण निकाल आधीच लागलेला होता.

मांजराला जशी मनी म्हणतात तशी पालीला मनोरमाच म्हणतात, अशी माझी कितीतरी वर्षं समजूत होती. शाळेत बाईंनी एका सरपटणाऱ्या प्राण्याचं नाव सांग म्हटल्यावर मी छाती काढून 'मनोरमा' असं सांगितलं होतं. वर्गात एका मुलीचं नाव मनोरमा असावं, हे माझं दुर्दैव.

पुढे आम्ही नवघरला बिल्डिंगमध्ये आलो. टेम्पोत कपाटामागे बसून मनोरमाही आली, असं आईनं जाहीर केलं. पाल एवढी वर्षं जगत नाही, असं शास्त्र म्हणतं. आईनं शास्त्राला विचारलं नव्हतं. घर बदललं, बल्ब जाऊन ट्यूबलाइट आली, बहुतेक मधल्या काळात पालही बदलली असेल, पण नाव तेच राहिलं.

आई गेली त्याला आता दोन वर्षं होतील. तेव्हापासून बाबा दिवसभरात जे काही बोलतात त्यातलं बहुतेक मनोरमाशी बोलतात. आम्हाला 'चहा', 'पेपर', 'पंखा' असे सुटे शब्द मिळतात, पूर्ण वाक्यं तिला. रात्री घड्याळाखाली खुर्ची घेऊन ते बसतात आणि खाली भाजी काय भावानं आहे, कोण गेलं, कोणाच्या नातीचं ठरलं, हे सगळं घड्याळामागे कळवतात. मला सुरुवातीला काळजी वाटायची, मग सवय झाली, आणि खरं सांगायचं तर पुढे पुढे तो आवाज ऐकत झोपायला मला बरं वाटायला लागलं.

तर ती मनोरमा पुठ्ठ्याला चिकटलेली होती आणि बाबा शेजारी उभे होते. रागावले असते तर बरं झालं असतं.

गोडं तेल सोडलं की चिकटा सुटतो, असं मोबाइलवर वाचून मी कापसानं थेंब थेंब तेल सोडायला लागलो. पाय सुटले, पोट सुटलं. शेवटी शेवटी मी घाई केली आणि मनोरमा एकीकडे आणि तिची शेपटी एकीकडे झाली. शेपटी ओट्यावर एकटीच वळवळत राहिली. ते पाहून संजना स्वयंपाकघरातून गेली ती दुपारपर्यंत आलीच नाही, आणि त्या दिवशी घरात चहा झाला नाही. पण शेपटीचं काही नाही, ती परत येते. वाईट म्हणजे तिच्या कुशीवरची हरभऱ्याच्या डाळीएवढी कातडी पुठ्ठ्यालाच राहिली होती आणि आतलं लाल मांस दिसत होतं.

बाबांनी तिला तळहातावर घेतलं. तिनं पळायचा प्रयत्नही केला नाही.

"हिला काही झालं तर मी कुणाशी बोलू रे?" त्यांनी मला विचारलं. उत्तर मागितल्यासारखं, सरळ माझ्याकडे बघून.

तिला ठेवायला संजनानं आपला घट्ट झाकणाचा चांगल्यातला डबा दिला. हा त्याग लहान नव्हे, हे कोणताही नवरा सांगेल. झाकणाला भोकं पाडायला बाबांनी माळ्यावरून आपलं जुनं मशीन काढलं. बाबा जन्मभर भांड्यांवर नावं घालत आले. भाईंदर म्हणजे स्टीलच्या भांड्यांचं गाव. स्टेशनजवळच्या एका भांड्याच्या दुकानात दाराशी त्यांचं स्टूल असायचं. आधी छिन्नी-हातोडी, मग ते टर्र वाजणारं मशीन. लग्नसराईत मी डबा द्यायला जायचो तेव्हा त्यांच्याभोवती हंडे, कळश्या, परातींची रास असायची, आणि 'चि. अमुक हिस मामांकडून सप्रेम भेट' असं एका हातानं न थांबता घालत ते दुसऱ्या हातानं माझ्या हातावर खडीसाखर ठेवायचे. आमच्या घरातल्या प्रत्येक ताटावाटीवर 'आशा' असं नाव आहे, आईचं, बाबांच्या वळणदार अक्षरात. तर त्या मशीनचा आवाज कितीतरी वर्षांनी घरात झाला. झाकणावर भोकांची अशी सुबक रांग उमटली की त्या डब्याची किंमत वाढली, असं माझं मत आहे. संजनाचं तसं मत नव्हतं.

शेजारच्या हंसाबेन मशीनचा आवाज ऐकून आल्या. आल्या तशा गेल्या आणि हळद घेऊनच परत आल्या. त्यांचं म्हणणं, दिवाळीला छिपकली दिसली तर सालभर बरकत राहते, ही तर साक्षात लक्ष्मी, हिला केमिकल काय लावता. मी क्लेमवाला माणूस, पुराव्याशिवाय काही मान्य करत नाही, पण हळदीला कोणता मराठी माणूस नाही म्हणेल. लावली. हळद आणि अंगावरचं तेल यांचा असा काही मिलाफ झाला की मनोरमा नखशिखांत पिवळी झाली. खाली उत्तनहून सुकी मासळी घेऊन येणाऱ्या कमळाबाई टोपली टेकून बसल्या होत्या, त्यांनाही बाबांनी वरूनच विचारलं. "पाल हाय ती काका, गाय न्हाय," त्या म्हणाल्या. "गच्चीवर सोडा, जगली तर जगली." त्यानंतर महिनाभर बाबांनी त्यांच्याकडून सुकट घेतलं नाही.

शेवटी मिरा रोडला असले वेगळे प्राणी बघणारा एक दवाखाना आहे, असं कळलं. डबा घेऊन आम्ही लिफ्टमध्ये शिरलो, तर आत धनेशभाई, आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. डब्यात काय आहे, त्यांनी विचारलं. मी पाल म्हटलं. ते मनमोकळं हसले. मग बाबांनी तिचं नाव सांगितलं आणि ते हसायचे थांबले.

इथं एक खुलासा करायला हवा. दुसऱ्या मजल्यावरचा एक कुत्रा मला पाहून भुंकतो. बाकी कोणाला पाहून भुंकत नाही. त्यामुळे पाळीव प्राण्यांची नियमावली करायचं ठरलं तेव्हा मसुद्याचं काम मी हौसेनं मागून घेतलं होतं. मला माझ्या व्याख्यांचा अभिमान आहे. माझ्या व्याख्येतून आजवर एक पॉलिसीधारक निसटलेला नाही. 'पाळीव प्राणी म्हणजे घरातील व्यक्ती ज्यास नावाने हाक मारतात असा कोणताही प्राणी, पक्षी अथवा जलचर.' अशा प्राण्याची नोंदणी हवी, लसीकरणाचा दाखला हवा, शेजाऱ्यांचं ना-हरकत पत्र हवं, आणि त्याला लिफ्टमध्ये मज्जाव. धनेशभाईंनी तो नियम मला माझ्याच भाषेत म्हणून दाखवला. "आपने ही लिखा है, शिगवणभाई," ते म्हणाले, आणि त्यात कुत्सितपणा नव्हता, आदर होता. ते जास्त लागलं. आम्ही पुढच्या मजल्यावर उतरलो आणि उरलेले तीन मजले जिन्यानं गेलो. बाबांचे गुडघे आणि माझा स्वाभिमान, दोन्ही सारखेच दुखत होते.

दवाखान्यात एक पोपट, एक कासव, एक पर्शियन मांजर आणि त्यांचे पालक बसले होते. डबा पाहून मांजराच्या मालकिणीनं, काय आहे, म्हणून कौतुकानं वाकून पाहिलं आणि मग ती लांबच्या खुर्चीवर जाऊन बसली. काउंटरवर सलोनी नावाची मुलगी कॉम्प्युटरवर माहिती भरत होती. ब्रीड काय, तिनं विचारलं. देशी, मी म्हटलं. मेल की फीमेल? "बाई आहे," बाबा म्हणाले. नाव? बाबांनी सांगितलं. आडनाव तिनं माझ्याकडूनच घेतलं आणि पुढे जोडलं, जसं कुत्र्यामांजरांचं जोडतात तसंच. रंगाच्या जागी तिनं डब्यात पाहून 'पिवळा' लिहिलं.

डॉक्टरांचं नाव पूर्वी. त्या तरुण होत्या आणि त्यांच्या सगळ्या शिक्षणात त्यांनी असली जात पाहिलेली नव्हती. ही कुठून आणलीत, त्यांनी उत्सुकतेनं विचारलं. घड्याळामागून, मी म्हटलं. हळद धुतल्यावर खाली नेहमीची पाल निघाली तेव्हा त्यांचा जरा विरसच झाला. पण त्यांनी काम मन लावून केलं. जखमेचं ते तपकिरी औषध पाण्यात फिक्क्या चहाइतकं पातळ करून कापसाच्या काडीनं लावायचं, खाली रोज कोरा टिश्यू पेपर, उबेला ठेवायचं, हळदीचं नाव काढायचं नाही. पालींसाठी लस नसते, असंही त्यांनी धनेशभाईंसाठी लिहून दिलं.

"जगेल ना?" बाबांनी विचारलं.

"खायला लागली तर जगेल, आजोबा," त्या म्हणाल्या.

त्या रात्री बाबांनी ताट पुढे सरकवलं. "आधी तिला खाऊ दे," एवढंच म्हणाले. दूध-चहावर राहिले. दुसऱ्या दिवशीही तेच. संजना काकुळतीला आली, मी चढ्या आवाजात बोलून पाहिलं, पण ताट तसंच परत गेलं. बाबांचं वजन तसंही आई गेल्यापासून उतरतच चाललं होतं. मला उघड उघड भीती वाटायला लागली होती.

आता मनोरमाला खायला काय, तर झुरळं. लहान, कोवळी, जिवंत. आणि आमच्या घरातलं झुरळ त्या सकाळपासून बेपत्ता झालं होतं. ज्यांना मारायला निघालो होतो त्यांच्या शोधात मी विजेरी घेऊन ओट्याखाली पालथा पडलो. एक सापडेना. मग लाज सोडून मी शेजाऱ्यांकडे मागायला गेलो. विरजण मागावं, मेतकूट मागावं, पण मध्यमवर्गीय माणसाच्या दारात उभं राहून झुरळ कधी मागू नये. हंसाबेनना इतका अपमान वाटला की त्यांनी मला आपलं स्वयंपाकघर फिरवून दाखवलं. सगळ्या बिल्डिंगीत कुणाकडेच झुरळ नव्हतं. इतकी स्वच्छ वस्ती आख्ख्या भाईंदरमध्ये दुसरी नसेल.

अंधार पडल्यावर बेल वाजली. हंसाबेन पदराखाली लोणच्याची रिकामी बरणी घेऊन उभ्या होत्या. आत एक छोटं झुरळ होतं. ते त्यांना जिन्यात सापडलं होतं. थोड्या वेळानं दुसऱ्या मजल्यावरचा कुत्रेवाला आला, त्यालाही जिन्यातच सापडलं होतं. सगळ्यांत शेवटी धनेशभाई आले. त्यांच्याकडे काडेपेटीत दोन होती, आणि आपल्या जिन्याच्या साफसफाईबद्दल आता मीटिंग घ्यायला हवी, असं ते गंभीरपणे म्हणाले. कुणी काय म्हणो, मला त्या रात्री ती बिल्डिंग खारीच्या चाळीसारखी वाटली. तिथंही एकाच्या घरी दुखणं आलं की सगळी चाळ काही ना काही झाकून घेऊन यायची. नवघरला दारं बंद करून राहता राहता मी ते विसरलो होतो.

झुरळं डब्यात सोडली. मनोरमा हलली नाही.

संजनाला याच सुमारास एक शंका छळायला लागली. तिनं मला खोलीत नेऊन दार लावलं. मनोरमा हे पालीचं नाव कसं, तिनं विचारलं. गावाकडे कुणी मनोरमा असणार, बाबांचं मन तिच्यावर असणार, आणि सासूबाईंनी बिचाऱ्यांनी कळल्यावर पालीला ते नाव देऊन सूड उगवला असणार. मी ते हसण्यावारी नेलं. पण झोप लागेना. आई मनोरमाशी भांडायची हे खरं होतं. 'मनोरमे, सांभाळून, पिठात पडशील' असं एका वेगळ्याच आवाजात बोलायची, हेही खरं होतं. आणि आता त्याच नावाच्या पालीसाठी बाबा उपाशी होते. वडिलांना असलं विचारायचं धाडस मात्र मला होईना.

तिसऱ्या संध्याकाळी संजनानं वालाचं बिरडं केलं आणि बाबांपुढे ताट ठेवलं. "बाबा, आज तरी जेवा," ती म्हणाली. "अगदी आईंसारखं झालंय."

डब्यातून आवाज आला. चुक, चुक, चुक.

आम्ही तिघंही वाकलो. डब्यात एक झुरळ कमी होतं आणि मनोरमा जिभेनं आपलं तोंड पुसत होती. बाबांनी बोटानं टेबलावर टकटक केलं, 'कृष्ण कृष्ण' म्हणाले आणि ताट पुढे ओढलं. ते जेवत असताना मी तोंड धुवायच्या निमित्तानं मोरीत जाऊन उभा राहिलो. बिरड्यात मीठ जास्त होतं. पण निकाल लागला होता आणि त्यावर अपील चालत नाही.

मग दिवसेंदिवस जखम आवळत गेली. मनोरमानं एकदा कात टाकली, तेव्हा खाली नवी, फिकट कातडी दिसली. शेपटीच्या जागी एक गोंडस खुंट आला. नोंदणी झाली, हंसाबेननी 'लक्ष्मीला हरकत कसली' अशा मजकुराचं ना-हरकत पत्र दिलं, आणि शेवटच्या तपासणीसाठी आम्ही पुन्हा मिरा रोडच्या त्या बाकावर बसलो. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. डबा मांडीवर होता. त्यांचा चेहरा इतका निवांत होता की मी धीर करून विचारलं.

"बाबा, हिचं नाव मनोरमा कुणी ठेवलं?"

"तुझ्या आईनं. तिचंच ते, माहेरचं."

मला हे माहीत नव्हतं. मामा तिला ताई म्हणायचा, आजी बाय म्हणायची, आणि भांड्यांवर आशा. त्यात मनोरमा मला कुठून भेटणार?

"लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहायचं असतं ना," बाबा डब्याकडे बघत म्हणाले. "मी आशा लिहिलं. दिवसभर लोकांची लांबलचक नावं घालून हात भरून यायचा माझा. म्हटलं, घरात तरी दोन अक्षरांचं असू दे, घालायला सोपं. तिला आवडेल का, ते विचारलंच नाही. तेव्हा कुणी विचारायचं नाही."

"मग? आई काही बोलली नाही?"

"भांडली नाही. पुढे खारीला ही पिठाच्या डब्याजवळ दिसली, मी झाडू उचलला. तर मला म्हणाली, मारू नका, हिला नाव देऊ या. माझं एक आहे की चांगलं, नुसतं पडून आहे. वाया कशाला घालवायचं?"

आईनं घरात काही वाया घालवलेलं मला आठवत नाही. दुधाच्या पिशव्या ती धुऊन वाळवायची, लग्नपत्रिकेची पाठची कोरी बाजू माझ्या गणितांसाठी कापून ठेवायची. स्वतःचं नावही तिनं तसंच ठेवलं होतं, भिंतीवर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, आणि मी ते शाळेत सरपटणारा प्राणी म्हणून सांगून आलो होतो.

"मी तिला जन्मभर 'अगं' म्हटलं," बाबा म्हणाले. "आशा म्हणूनसुद्धा कधी हाक मारली नाही. आता हिला मारतो, रोज."

काउंटरवरून सलोनीनं पुकारलं, "मनोरमा शिगवण."

या नावाची बाई कधी नव्हतीच. मनोरमा मांडवात संपली होती आणि शिगवण झाली ती आशा. ही दोन नावं एकत्र या जगात पहिल्यांदाच कुणीतरी उच्चारत होतं. मी उठायला लागलो, तर बाबांनी माझी बाही धरली.

"बस. ऐकूच आलं नाही म्हण," ते हळूच म्हणाले. "अजून एकदा हाक मारू दे."

सलोनीनं मान वर केली. पोपटवाला, कासववाला, मांजरवाली, सगळे इकडेतिकडे बघायला लागले.

"मनोरमा शिगवण," ती मोठ्यानं म्हणाली. "मनोरमा शिगवण कोण आहे?"

बाबा उठले. त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं आणि डबा छातीशी धरला.

"आमची आहे," ते म्हणाले.